कागदी खांबातले मामा

मामांनी मला सहा वेळा ठार मारलं. दर वैशाखात एकदा, जुनी इंदूरमधल्या नरसिंहाच्या देवळासमोर, सगळ्या आळीच्या देखत, मांडीवर आडवं घालून. मी हिरण्यकशिपू, ते नरसिंह. पण मला आजही नवल वाटतं ते त्या मारण्याचं नाही, त्याच्या आधीच्या सव्वा तासाचं. खेळ साडेपाचला सुरू व्हायचा आणि देव प्रकट व्हायचा तो सूर्य टेकल्यावर. तेवढा सगळा वेळ मामा बांबूच्या आणि पतंगी कागदाच्या खांबात, माळव्याच्या ऐन उकाड्यात, डोक्यावर सिंहाचा जड मुखवटा घेऊन उभे असत. हलत नसत, खोकत नसत. कागद थरथरलेला कुणी पाहिला नाही. आणि हाच माणूस एरवी पाच मिनिटं एका जागी टिकत नसे.

त्यांना सगळे खांबमामा म्हणायचे. देवळाला लागून त्यांची थोरली बहीण, अक्का, राहायची. तिच्या मुलांचे ते मामा, म्हणून आळीचे मामा, आणि खांबात उभे राहतात म्हणून खांबमामा. घराणं संस्थानाच्या रिसाल्यातलं. आजा घोड्यावर होता, वडील घोड्यांवर देखरेखीला होते, मामा स्वतः फरासखान्यात, म्हणजे सरकारचे तंबू, कनाती, गालिचे यांच्या खात्यात. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य झालं, फरासखाना उठला आणि मामांना सचिवालयात दफ्तरी करून टाकलं. मी त्याच खात्यात नवा कारकून होतो. तेव्हा राजधान्या दोन होत्या, उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. वर्षातून दोनदा सगळं दप्तर पेट्यांत भरायचं आणि गाडीत घालायचं. आम्ही सगळे कुरकुरायचो, बायका-पोरांची ओढाताण व्हायची. मामा मात्र पेट्यांना दोर आवळताना शीळ घालत. कुठंतरी निघायचं आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

"बसून काय होणार आहे, भिया?" हे त्यांचं वाक्य. चहा उभ्यानं, बशीत ओतून, दोन घोटांत. साहेबांनी 'बसा' म्हटलं तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. लग्नाच्या पंगतीत मीठ वाढून होईपर्यंत ते उठून पाण्याची घागर घेऊन वाढायला लागलेले असत. अक्काच्या घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ताट हातात धरून जेवत. "अरे, घोडी आपल्या घरात होती, पण आपण घोडे नव्हतो," अक्का म्हणायची. मामा हसायचे, आणि हसता हसता ताट ठेवून म्हणायचे, "चला, निघतो." ते आले की पहिला शब्दही हाच.

ग्वाल्हेरच्या प्रवासात तर त्यांनी जीव नकोसा केला होता. प्रत्येक स्टेशनावर उतरायचे. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरातरा चालत जायचे, थर्ड क्लासच्या खिडक्यांतून आत डोकावायचे, आणि गाडी हलली की धावत येऊन दांडी पकडायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "मामा, राहाल एखाद्या दिवशी मागे." ते धापा टाकत म्हणाले, "राहिलो तर राहिलो यार, मागची गाडी येतेच की." मला वाटलं, स्वभाव. काही माणसांच्या पायाला भिंगरी असते, तसं.

मला हिरण्यकशिपू त्यांनीच केलं. स्नेहलतागंजात मी एका टांगेवाल्याशी भांडत होतो. तो स्टेशनवरून भलत्याच रस्त्यानं घेऊन आला होता आणि माझा आवाज चढला होता. मामा कुठूनतरी चालत आले, भांडण पूर्ण ऐकून घेतलं, टांगेवाल्याला "जाऊ दे भैया, तू जा" म्हणून वाटेला लावलं आणि माझ्याकडे वळले. "अनंता, उंची किती रे तुझी? आमचा हिरण्यकशिपू म्हातारा झालाय. त्याची लाथ खांबापर्यंत पोचत नाही."

तालीम देवळाच्या ओसरीवर व्हायची. माझी पहिली लाथ बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "हे काय? तू दार ठोठावतोयस. कुणी आहे का घरात, असं विचारतोयस. हा राजा आहे बाबा. त्याला पक्कं माहीत आहे की आत कुणी नाही. आत कुणी नाही, अशी खात्री असलेला माणूस जशी मारेल, तशी मार." मग ते ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझाऱ्या घालत बडबडत राहिले, "बापाला वाटतं आपण म्हणू तेच खरं. तिथूनच सगळं बिघडतं."

पहिल्या दोन वर्षांत मला नुसती धांदल आठवते. मुकुट, गालांवर काजळाच्या मिशा, समोर गर्दी, लाथ, कागद फाटल्याचा आवाज, आणि त्या फाटीतून आलेलं ते लाल जिभेचं, पिवळ्या आयाळीचं तोंड. दर वर्षी माझ्या अंगावर खरोखर काटा यायचा. ते मला उंबऱ्यावर ओढत नेत, मांडीवर घालत, बोटांना बांधलेली पितळी नखं माझ्या पोटावरून फिरवत आणि मुखवट्याच्या आतून पुटपुटत, "मान सांभाळ रे." त्यानंतर प्रल्हाद झालेला मुलगा हार घेऊन यायचा आणि देवाच्या मांडीवर बसायचा. मग देवाचा राग शांत, मग आरती, मग पन्हं आणि कैरीची डाळ. तिसऱ्या वर्षी, मरून पडलेला असताना, माझ्या लक्षात आलं की प्रल्हाद जवळ आला की मामांचं सगळं अंग ताठ होतं. मुलगा मांडीवर बसला तरी त्यांचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. पुजाऱ्यानं खूण केली, तरी त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेलं पन्हं प्यायला अक्कानं बोलावलं होतं. मी तिला विचारलं. ती कैऱ्यांच्या कोयी गोळा करत होती, ती थांबली.

"आधी प्रल्हाद दिगूच असायचा," ती म्हणाली. "याचा मुलगा. चार वर्षं तो प्रल्हाद आणि हा देव. आई नव्हती पोराला, पण ती चार वर्षं या दोघांची काय मजा होती सांगू तुला. मग दिगू मोठा झाला. गळा गोड. त्याला माचाचा नाद लागला."

माच म्हणजे आमच्या माळव्यातला गाण्याचा खेळ. उंच लाकडी मंचावर मालवी बोलीत चालणारा, त्यातही देवादिकांच्या कथा असतात. बायकांची कामं पोरंच करतात. सांवेरकडच्या एका मंडळीबरोबर दिगू शाळा बुडवून जाऊ लागला. कुणीतरी मामांना सांगितलं. ते तसेच सांवेरला गेले. बाजाराचा दिवस होता. दिगू घागरा-ओढणी घालून मंचावर उभा होता, नुकतं तोंड उघडत होता.

"यानं खाली ओढला त्याला," अक्का म्हणाली. "भर बाजारात पट्ट्यानं मारलं. रिसाल्यातल्यांचा पोर लुगडी नेसून नाचतो म्हणून. मी म्हटलं होतं, अरे, तू नाही का तोंडाला रंग लावत? तर म्हणतो, ते देवाचं सोंग, ते वेगळं. तिसऱ्या दिवशी पोरगं निघून गेलं. सोळा वर्षांचं होतं. तेव्हापासून हा असा बसत नाही बघ."

मग मला ते फलाट आठवले, त्या थर्ड क्लासच्या खिडक्या.

त्यानंतर मी मामांबरोबर जाऊ लागलो. आपण होऊनच. रविवारी ते सकाळी निघत, देपालपूर, महू, कुठंही. मला काही सांगत नसत, मीही विचारत नसे. एकदा मात्र मोटारीतून सांवेरला उतरल्यावर ते स्वतःच म्हणाले, "आज एकाला भेटायचंय. तू बोल. माझ्यानं होणार नाही." माचाच्या त्या मंडळीचा उस्ताद बाजारापलीकडे राहत होता. म्हातारा अंगणात ढोलकीला पाणी लावून उन्हात ठेवत होता. मी दिगूचं नाव घेतलं. त्यानं माझ्या खांद्यावरून मामांकडे पाहिलं आणि ओळखलं.

"वू तो दो बरस पेलां चल्यो गयो," तो म्हणाला. "उज्जैन आडी. फेर मने कईं मालम." उज्जैनकडे गेला, पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. मग ढोलकी फिरवत, न चिडता, त्यानं मामांना विचारलं, "छोरो गातो घणो अच्छो थो. तमने कदी सुन्यो?"

पोरगा गायचा फार छान, तुम्ही कधी ऐकलंत? मामा वळले आणि चालू लागले. मोटारीच्या अड्ड्यावर थांबलेच नाहीत, इंदूरच्या रस्त्याला लागले. मी मागून धावत गेलो. ऊन डोक्यावर, दोन्हीकडे गव्हाची कापलेली रानं. चार-पाच मैल गेल्यावर ते एका झाडापाशी थांबले, पण सावलीत आले नाहीत. "नाही ऐकलं," एवढंच म्हणाले. जणू उस्ताद अजून समोर होता.

पाचव्या वर्षी खांबाला कागद चिकटवायला मी गेलो होतो. जुनी इंदूरचाच एक पतंगवाला तो करायचा. बांबूच्या कामट्यांवर तीन पदरी कागद आणि वरून गेरू-चुन्याचा रंग, म्हणजे लांबून दगडी वाटावा. मला समोरच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, एक बारीक आडवी फट दिसली. मी ती बुजवायला खळ घेतली तर पतंगवाला ओरडला, "अरे नहीं बाबूजी, मामाजी की है वो!" मी आत शिरलो. फटीला डोळा लावला. देवळाचं सगळं आवार समोर होतं, औदुंबराच्या पारापासून वेशीच्या पायऱ्यांपर्यंत. आलेला प्रत्येक माणूस दिसत होता, आणि आतला माणूस कुणालाच दिसत नव्हता.

दिगू कधी परत आला तर या दिवशी येईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. सव्वा तास ते देव व्हायची वाट बघत नव्हते, एकेक चेहरा तपासत होते. मी बाहेर आलो आणि खळीची वाटी खाली ठेवली.

सहाव्या वर्षी सगळ्यांचीच झोप उडालेली होती. मध्यभारत मोडणार, मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, असं बोललं जात होतं. कुणाची बदली होईल, कुणाला घर मिळेल, मुलांच्या शाळांचं काय, ऑफिसात दुसरा विषय नव्हता. मामा दुप्पट चालू लागले होते. एकदा जिन्यात मला धरून म्हणाले, "तिकडे गेल्यावर वैशाखात रजा मिळेल ना रे? पक्कं सांग." मला कुठलं माहीत असायला.

त्या वर्षी गर्दी खूप होती. पुढच्या वर्षी खेळ होईल की नाही, सगळ्यांनाच शंका. माझं भाषण झालं. प्रल्हादाला विचारलं, कुठं आहे तुझा देव, या खांबात आहे का? आणि मामांनी शिकवली होती तशी लाथ मारली.

कुणी आलं नाही.

मी पुन्हा मारली. कागद जरा चुरगळला. आवारात कुजबुज झाली. पुजारी आकाशाकडे बोट दाखवत होता, सूर्य गेला, मुहूर्त चालला. मला वाटलं, मामांना आत घेरी आली. मी खांबाला चिकटून, राजाचा आब विसरून, हळूच म्हटलं, "मामा?"

"अनंता, थांब," आतून आवाज आला. "पाराजवळ. पांढरा साफा. बघ."

मी वळून पाहिलं. औदुंबराच्या पाराशी एक सडपातळ, मिशी नसलेला तरुण उभा होता. मी दिगूला कधी पाहिलेलं नव्हतं. पण जबडा मामांचा होता.

आणि खांब फाटला. त्यातून सिंहाचं तोंड आलं नाही, मामांचं आलं. हळद लावलेलं, घामानं ओघळलेलं, उघडं. मुखवटा त्यांच्या हातात लोंबत होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला, खुंटीला टोपी अडकवावी तसा, आणि ते गर्दीत उतरले. लोकांनी हात जोडून वाट दिली. देवच चालला आहे, अशा समजुतीनं म्हाताऱ्या बायका त्यांच्या पाया पडत होत्या. तरुणानं त्यांना येताना पाहिलं. तो दोन पावलं मागे सरला, पाराला टेकला, आणि त्यानं कोपर वर करून तोंडासमोर धरलं. मार चुकवायला धरतात तसं.

मामा जागच्या जागी थांबले. स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बोटांची पितळी नखं एकेक करून काढली आणि खाली टाकली. मी तोवर मुखवटा घेऊन मागे पोचलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"मी तुझं गाणं ऐकलेलं नाही, दिगू," ते म्हणाले. "म्हणशील?"

तरुणाचा हात हळूहळू खाली आला. "आत्ता? बाबा, तुमचं देवाचं राहिलंय ना. आधी ते तर करा."

"तोवर तू जाशील."

"नाही जात."

"पक्कं?"

"पक्कं म्हटलं ना. लोक थांबलेत हो, बाबा."

खांब तर फाटलेलाच होता. मामांनी मुखवटा चढवला, तसेच चालत परत आले आणि मला उंबऱ्यावर ओढलं. नखांशिवायच मारलं. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. मुखवट्यातून त्यांना नीट दिसत नसावं, मान सारखी पाराकडे वळत होती. मी त्यांच्या मांडीवर उलटा लोंबत होतो, डोकं खाली, आणि मला उलटा पार, उलटा साफा स्पष्ट दिसत होता.

"आहे, मामा," मी मेल्या मेल्या पुटपुटलो. "तिथंच आहे."

"बघत राहा," ते म्हणाले.

प्रल्हाद हार घेऊन आला. त्या वर्षी मामांनी त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले.

आरतीनंतर दिगू गायला. तिथंच, आवारात, साथीला काही नाही, अक्का त्याचा हात घट्ट धरून बसलेली. मला मालवीतलं सगळं कळलं नाही, पण आवाज सरळ छातीत येत होता. मामा भिंतीशी उभे होते. निम्म्यात ते कुणी हाक मारल्यासारखे बाहेर गेले, देवळामागच्या नदीच्या उतारावर चार फेऱ्या मारल्या, परत आले, पुन्हा गेले. गाणं संपलं तेव्हा ते वेशीच्या पायरीवर होते. काय वाटलं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दिगू चार दिवस राहिला आणि आपल्या मंडळीत परत गेला. आता त्याची मंडळी आगरच्या बाजूला होती. एका मारानं तुटलेलं एका गाण्यानं जुळत नाही, हे मला त्या चार दिवसांत दिसलं. दोघं एका खोलीत फार वेळ नसत, बोलत ते अक्कामार्फत. तरी जाताना तो सांगून गेला, कुठं कुठं खेळ आहेत ते.

पावसाळा संपला आणि आमच्या पेट्या शेवटच्या भरल्या. सगळे दोर मामांनी आवळले. माझी स्वतःची पेटीही त्यांनीच गाडीत चढवली. मग खाली उतरले आणि फलाटावर उभे राहिले.

"चढा ना, मामा. सुटतेय."

"मी नाही येत. कागद दिलाय साहेबांना."

"म्हणजे नोकरी सोडली? मग करणार काय?"

"आगरला जातो," ते म्हणाले. "निघतो आता, मोटार आहे." आणि माझी गाडी सुटायच्या आधी तेच गर्दीतून चालते झाले. मी खिडकीतून त्यांची पाठ पाहिली. तीच शेवटची.

भोपाळला मला घर मिळालं, लग्न झालं, वैशाखात रजा कधी मिळाली नाही. देवळातला खेळही बंद पडल्याचं कळलं. चार वर्षांनी अक्काचं पोस्टकार्ड आलं की मामा गेले, शाजापूरकडे कुठल्याशा गावात, दोन दिवसांच्या तापानं. दिगू जवळ होता.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात दिगू माझं घर शोधत आला. त्याची मंडळी भोपाळजवळ आली होती. आता तोच उस्ताद होता, अंगानं भरला होता. चहा पिताना मी त्याला जे विचारायचं होतं ते विचारलं. चार वर्षं ते तुझ्याबरोबर गावोगाव हिंडले. त्या मारण्याबद्दल कधी काही बोलले का?

"नाही," तो म्हणाला. "मीपण नाही काढलं. सामान बांधायचे, बैल जुंपायचे. खेळ सुरू झाला की सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहायचे, एकदम शेवटी. लोक म्हणायचे, पुढं बसा ना, उस्तादजींचे वडील तुम्ही. नाही बसले कधी."

"आणि खेळ संपल्यावर?"

दिगूनं कप खाली ठेवला. "खेळ संपला की यायचे माझ्याकडे. रोज. एवढंच सांगायचे आणि जायचे."

"काय?"

"मागपर्यंत ऐकू येत होतं."